ओल्या पानातली बाटली

मोगऱ्याचा पुडा सोडला की ओल्या केळीच्या पानाचा वास येतो आणि अजूनही मला ती बाटली आठवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं वीर्य तपासायला मागितलं. दवाखान्यात यायला हे तयार होईनात. घरीच बाटली भरून दिली आणि मोगऱ्याच्या बागेत निघून गेले. आमच्या निर्मळ गावाहून वसईला ती मी न्यायची होती. सासूबाईंनी बाजाराची फुलं बांधावीत तशी ती बांधली; ओलं फडकं आणि वर केळीचं पान.

"उन्हाने कोमेजतं गो सगळं," त्या म्हणाल्या.

वसईच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या माणसाने मान वर केली. 

"काहीच हलत नाहीये, बाई. पुन्हा आणावं लागेल."

हे पुन्हा कधीच तयार झाले नाहीत. त्या रात्रीपासून ओटीवर एकटेच झोपू लागले.

परवा भाचीला तिच्या डॉक्टरांनी बजावलं, "बाटली अंगाशी धरून उबेत आणा, गारठली की सगळं मरतं."

त्या दिवशी एसटीतून उतरताना मी पान चाचपलं होतं. बाटली गारेगार लागली, आणि मला किती बरं वाटलं होतं.