बघू म्हणजे नाही

आमच्या नाटक कंपनीत मी तीस वर्षं राजकन्येपासून खाष्ट सासूपर्यंत सगळं केलं. टाळ्या मला मिळाल्या, पण त्यातल्या निम्म्या विंगेत पुस्तक धरून उभ्या असलेल्या आमच्या प्रॉम्प्टरच्या होत्या. सगळे त्याला कुजबुजराव म्हणत. मी वाक्य विसरले की तो इतक्या हळू पुरवायचा, की प्रेक्षकांना वाटे, बाई गहिवरून थांबल्या.

कंपनी बंद पडल्यावर तो अनुवाद करून राहिला. जिन्याखालची एक खोली, एक टेबल. लेक परदेशात, नात तिथेच वाढलेली. तिकडच्या एका प्रकाशकाने त्याला पुस्तक लिहायला सांगितलं: आपला देश परक्यांना समजावायचा, राजकारण, माणसं, बोलणं-चालणं. त्याने होकार दिला तो नातीसाठी.

"ती वाचेल, बाई. आपण कोण, ते तिला कळेल."

रोज चारला तो पानं घेऊन माझ्याकडे यायचा. शेवटी संपादकाने शब्दांची यादी मागितली, प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. गाडी 'बघू'पाशी अडली. मी उभी राहून त्याला तीन बघू करून दाखवले. मंत्री शिष्टमंडळाला म्हणतो तो. कारकून मान वर न करता म्हणतो तो. आणि आई नव्या फ्रॉकसाठी म्हणते तो, जेव्हा फ्रॉक आधीच कपाटात आणून ठेवलेला असतो.

"एकच हवा, बाई," असं म्हणून त्याने लिहिलं: बघू – नाही. त्याखाली: येतो – जातो. निवडून आलेले उमेदवार आठवून आम्ही पोट धरधरून हसलो.

छपाईआधी त्याने पानं नातीला पाठवली. चार दिवसांनी तो माझ्याकडे बसलेला असताना लेकीचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, ती तुमच्यावर रुसलीय. दर वाढदिवसाला ती विचारते, आजोबा इकडे कधी येणार? तुम्ही काय म्हणता, आठवतंय?"

त्याचा चेहरा उतरला. मग नातच फोनवर आली, आपल्या भाषेत अडखळत.

"आठ वर्षं तुम्ही नाही म्हणत होतात?"

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस, त्याला एक शब्द सुचेना. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्याच पद्धतीने, ओठ न हलवता, कुजबुजले, "येतो म्हणा."

"येतो," तो म्हणाला.

"यादीत 'येतो' म्हणजे 'जातो' असं आहे."

"यादी चुकली, बाळा. मला विमानाची भीती वाटते. सांगायला लाज वाटली, म्हणून बघू म्हणत राहिलो."

मग पलीकडून हळूच, "मी न्यायला येऊ? शेजारी बसेन. हात धरेन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं.

"ये," तो म्हणाला. कुणी न पुरवता.

त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर बसून त्याने यादी दुरुस्त केली. 'बघू'समोर लिहिलं: कोण म्हणतंय, त्यावर आहे. 'येतो' मात्र खोडूनच टाकला. तो शब्द आता त्याला स्वतःला, खऱ्या अर्थाने, लागणार होता.