एक बटण चुकवून

प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या खोलीत एक खोटी खिडकी होती. भिंतीवर रंगवलेली. तिच्यात एक नदी, नदीत एक नाव, आणि नावेत कुणीच नाही. खिडकीखाली खाट, आणि दुपारी त्या खाटेवर सिस्टर.

सिस्टर म्हणजे वॉर्डात उभी हयात काढून निवृत्त झालेल्या बाई. नर्स आणि मदतनीस या केंद्रात म्हाताऱ्या माणसांची अवघड शुश्रूषा शिकायला येत. एकाच देहात चार-पाच दुखणी, एकाचं औषध दुसऱ्याला बाधणारं, आणि या सगळ्यावर विस्मरणाचं धुकं, अशा माणसांची शुश्रूषा. पुढच्या खोलीत फळ्यावरचं शिकून झालं की मागच्या खोलीत त्यांची परीक्षा होई. तिथे सिस्टर विसराळू म्हातारी व्हायच्या.

त्यांची तयारी फारशी नसे. एक तपकिरी स्वेटर घालायचा आणि वरचं बटण मुद्दाम दुसऱ्या काजात अडकवायचं. तिथून सगळीच बटणं एकेक घर खाली सरकत. गळ्याशी एक काज रिकामं राही, आणि तळाशी एक बटण पोरकं.

"म्हातारपण चेहऱ्यावर शोधू नका," त्या म्हणत. "हातांत असतं ते."

मग त्या डोळे मिटत, उघडत, आणि खोलीत कुणीतरी दुसरंच असे. बाबा शाळेतून न्यायला येणार आहेत, दप्तर कुठं गेलं, असं विचारणारी एक म्हातारी. ही म्हातारी त्यांनी वॉर्डातूनच आणलेली होती. रोज दुपारी ती बाबांची वाट पाही, रोज कुणीतरी तिला सांगे की बाबा कधीच गेले, आणि रोज ती नव्याने पोरकी होई. ती गेली. सिस्टरांनी तिचं वाट पाहणं मात्र जपून ठेवलं.

परीक्षा संपली की त्या उठून बसत, बटणं सोडून पुन्हा नीट लावत आणि म्हणत, "आले परत." त्यानंतरच कुणी टाळ्या वाजवायच्या, कुणी प्रश्न विचारायचे. तसा रिवाजच होता.

केंद्र चालवणाऱ्या मॅडम एकेकाळी सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेल्या. पहिल्या दिवशीच सिस्टरांनी त्यांना बाजूला घेतलं होतं.

"एक कबूल कर. या कामात एक गोम आहे. उद्या मी खरंच हरवले, तर तुम्ही म्हणाल, वा, काय हुबेहूब! तेव्हा तू मला सांगायचं."

"असं काय बोलता, सिस्टर?"

"गोड बोलून फिरवायचं नाही. दुसऱ्यांशी वाद घालू नका म्हणून मीच शिकवते. पण मला सांगायचं. जोवर मला कळतंय, तोवर माझं मला कळलं पाहिजे."

मॅडमनी मान हलवली होती. लांबच्या गोष्टीला माणूस हलवतो तशी.

सिस्टर धाकट्या बहिणीबरोबर राहत. धाकटीची जीभ तिखट. "ताई, आमटीत मीठ दोनदा घातलंस. घरी विसरतेस ते फुकट, तिथे विसरायचा पगार घेतेस!"

"सराव करते गं," सिस्टर म्हणत, आणि दोघी हसत. पण अलीकडे हसणं थांबल्यावर सिस्टर जरा वेळ ताटाकडे बघत राहत. जणू ते ताट कुणा दुसऱ्यासाठी वाढलेलं होतं.

त्या दुपारी परीक्षा होती लांबूची. लांबू हा मदतनीस इतका उंच, की पडद्याची दांडी त्याच्या कपाळाला लागे. मागच्या वेळी तो नापास झाला होता. "आजी, तुमचे बाबा आता कुठले असायला?" असं त्याने सरळ विचारून टाकलं होतं. सिस्टरांनी नंतर त्याला समोर बसवलं.

"खरं बोललास, बरं केलंस. पण तुझं खरं खिशात ठेव. मी बाबांना शोधतेय ना, मग विचार की बाबा कसे होते. आणि माझा हात असा वरून धरू नकोस, चोर पकडल्यासारखा. तळवा पुढे कर. धरायचं की नाही ते मला ठरवू दे."

आज तो खाटेशी गुडघ्यांवर बसला, म्हणजे नजरेला नजर आली. तळवा पुढे केला. सिस्टरांनी बराच वेळ त्या तळव्याकडे पाहिलं. मग रंगवलेल्या खिडकीकडे.

"पाणी चढलंय नदीला," त्या म्हणाल्या. "बस यायची नाही. माझी पिशवी कुठंय? पाळी संपली माझी."

मागे खुर्च्यांवर बसलेल्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. आज बाबा नव्हते, शाळा नव्हती. मॅडमच्या मनात आलं, काय नवं काढलंय सिस्टरांनी!

लांबूला सगळं सारखंच. "पिशवी शोधू आपण," तो म्हणाला. "वॉर्डात आज कोण कोण आहे, सिस्टर?"

त्यांनी त्याचा हात धरला आणि पुढच्या नर्सला सोपवावी तशी पाळी सोपवायला सुरुवात केली. आवाज हलका, वॉर्ड झोपलेला असताना असतो तसा.

"दाराजवळच्या काकांना साधं पाणी नको. ठसका लागतो. घट्ट करून, चमच्याने, बसवून. कोपऱ्यातल्या आजींची कूस बदला, पाठ लाल झालीय. त्या ओरडतील, ओरडू द्या, पण आधी सांगा की हात लावतेय. मास्तरांना चक्कर येते, एकदम उभं करू नका. त्यांची एक गोळी डॉक्टरांना विचारून बंद करायचीय, माझ्या लक्षात राहिलं नाही तर तू सांग. आणि खिडकीजवळच्या बाई जेवत नाहीत. भूक नाही असं नाही. त्यांना घाई केलेली चालत नाही."

त्या खाटांवरची माणसं केव्हाच निघून गेलेली. पण खोलीत त्यांचे श्वास ऐकू येऊ लागले. एका मुलीने नकळत पाय आखडून घेतले, कुणाच्या तरी खाटेला लागू नयेत म्हणून.

"सगळं लक्षात ठेवतो," लांबू म्हणाला. "तुम्ही आता टेका जरा."

सिस्टर मागे टेकल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, मॅडमनीही. "आले परत" कुणी म्हटलेलं नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टाळ्यांच्या आवाजात सिस्टर उठून बसल्या. हातांनी रोजचं काम सुरू केलं. बटणं सोडली, पुन्हा लावली. वरचं बटण दुसऱ्या काजात. मग पुढचं, त्याच्या पुढचं. तळाशी एक पोरकं.

मॅडमचे हात हवेतच थांबले.

"पास झालास," त्या लांबूला म्हणाल्या. "सगळ्यांनी बाहेर जा आता."

खोली रिकामी झाली. मॅडमना वाटलं, स्वतःच बटणं नीट करावीत, रिक्षा बोलवावी, धाकटीला हळूच सांगावं. सोपं होतं. आणि वाद घालू नका, हे जे इथे रोज शिकवलं जाई त्याला धरूनच होतं. उद्या परत दुपार होईल, परत टाळ्या होतील, आणि सिस्टर अशाच टाळ्यांतून चालत चालत दिसेनाशा होतील.

त्या गुडघ्यांवर बसल्या. तळवा पुढे केला.

"सिस्टर, तुम्ही मला एक कबूल करायला लावलं होतं."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर फार दुरून आली, पाण्यातून वर येणाऱ्या वस्तूसारखी. पण आली.

"बटणं चुकलीत," मॅडम म्हणाल्या. "आज मुद्दाम नव्हती. आणि पिशवीचं, ते पण खरं होतं."

सिस्टरांनी मान खाली घालून स्वेटर पाहिला. गळ्याशी बोट नेलं. रिकामं काज चाचपलं.

"टाळ्या वाजवल्यात?"

"हो."

"तूपण?"

"मीपण."

"मग पोरगा पास, आणि तू नापास." त्या हसल्या. हसताना डोळे भरले ते त्यांनी पुसले नाहीत. "सांगितलंस मात्र. उशिरा, पण सांगितलंस."

मॅडमचा हात नकळत वरच्या बटणाकडे गेला.

"अं हं," सिस्टर म्हणाल्या. "ज्याला जे जमतंय ते त्यालाच करू द्यायचं, असं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग नुसती बस. धाकटीला मीच सांगेन, आज घरी गेल्यावर. तू बरोबर ये. माझ्या तोंडून निघालं नाही, तर तू सुरुवात कर."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. सिस्टरांनी सगळी बटणं सोडली. मग वरचं बटण दोन बोटांत धरून त्या त्याचं काज शोधू लागल्या. एकदा चुकलं. त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा धरलं. बाहेर मुलींचा गलका जिना उतरून गेला. मॅडम घाई न करता बसून राहिल्या. समोर नदी होती, आणि नावेला कुठं जायची घाई नव्हती.

वरचं बटण वरच्या काजात गेलं.

"एक झालं," सिस्टर म्हणाल्या आणि पुढचं शोधू लागल्या.