एका शुक्रवारी सगळे धारगळचे झाले

सुदेश गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

रडू नंतर आलं. आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुदेश डिचोलीकडच्या नार्व्याचा, मी पेडण्याचा. पेडण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही सात वर्षं शेजारी बसलो. मी बीई. तो आयटीआय.

आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.
हे वाक्य तो असताना माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

आमचं सगळं काम पोस्टग्रेसवर. फुकट मिळणारा, कोणीही आतून उघडून बघावा असा डेटाबेस. आम्ही तो भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालवायचो. मी व्हिडिओ बघून शिकलो. सुदेश त्याचं मॅन्युअल पोथीसारखं रोज थोडं थोडं वाचायचा. एकदा त्याला त्यात चूक सापडली. त्याने ईमेल केला, पोस्टग्रेसवाल्यांनी दुरुस्ती केली आणि सोबत त्याचं नावही लिहिलं.

नार्व्याच्या माणसाचं नाव, जगात कुठूनही वाचता येईल अशा जागी.
मी "अभिनंदन" म्हटलं आणि खाली चहाला गेलो.

क्लायंटचा फोन मी उचलला तरी पहिला प्रश्न, "सुदेश आहे का?"
माझी आई गणेश चवथीचं खतखतं, ती मिश्र भाजी, त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवायची. माझ्याच घरी.

त्याची एक सवय होती. दर शुक्रवारी जेवणाआधी तो बॅकअपमधून अख्खा डेटाबेस एका नव्या छोट्या सर्व्हरवर परत उभा करायचा, चार नावं शोधून बघायचा, आणि संध्याकाळी तो सर्व्हर बंद करायचा.

मी म्हणायचो, "अरे, क्लाउड आपोआप बॅकअप घेतो. हिरवी टिक दिसते ना?"

"घेतला म्हण सांगू नाका रे. परत हाडून दाखय." घेतला म्हणू नको, परत आणून दाखव.

हे त्याने त्याच्या आईकडून उचललेलं; तिला मी मावशी म्हणतो. मावशी पेरणीआधी बियाण्यातलं मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून ठेवते. मोड आले तरच ते बी शेतात जातं. "भात दिसता बरें, पूण रुजता काय पळोवंक नाका?" रुजतं का ते बघायला नको का, असं तिचं म्हणणं.

म्हणून सुदेश शुक्रवारच्या या कामाला मूठ म्हणायचा. "मूठ घालतो, मग जेवू." मी ऑफिसात त्याची नक्कल करायचो. सगळे हसायचे. तोसुद्धा.

आता ती गोष्ट.

पेडणे-डिचोलीतल्या रक्तदात्यांची यादी आम्ही एका गटासाठी सांभाळतो. नाव, गाव, रक्तगट, फोन. कोणाला रक्त लागलं की गटाच्या सुनंदाबाई, निवृत्त नर्स, त्यातून जवळचा दाता शोधतात.

एका शुक्रवारी सुदेश जेवायला गेला होता. बाईंचा निरोप आला: एक मुलगी लग्न होऊन नार्व्याहून धारगळला गेली, तिचं गाव आणि फोन बदला. खाली लिहिलेलं, "सुदेशकडून करून घ्या."

एका मुलीचं गाव बदलायला सुदेश.

मी चालत्या डेटाबेसवरच कमांड लिहिली. गाव धारगळ करा, फोन हा करा. कोणाचा, ते लिहायचं राहिलं.
एंटर.

एक ओळ बदलायला हवी होती. सगळ्या बदलल्या. दोन तालुक्यांतला प्रत्येक दाता धारगळचा झाला, आणि प्रत्येकाचा फोन त्या नव्या नवरीचा.

दहा मिनिटांत बाईंचा फोन. डिचोलीत बाळंतिणीला बी निगेटिव्ह रक्त हवं. "तिघांक फोन लायलो रे. तीनूय फावटी तीच बायल उखलता. कितें जालां?"

तिन्ही वेळा फोन त्या नवरीनेच उचलला होता. तेवढ्यात सुदेश आला. स्क्रीन बघितली. सकाळची मूठ अजून चालू होती, तिथे जुनी यादी जशीच्या तशी होती. त्याने त्यातून मये गावातला एक पोदेर शोधला, सायकलवरून पाव विकणारा. पोदेर तसाच रक्त द्यायला डिचोलीला गेला.

आई आणि बाळ दोघंही वाचली.

मग सुदेश माझ्याकडे वळला. "तू जेवलो रे?"

एवढंच.

गटाला त्याने लिहिलं, "आमच्याकडून चूक झाली. दुरुस्त केली." आमच्याकडून. पुढे गटाच्या कार्यक्रमात बाईंनी त्याला शाल-नारळ दिला. मी टाळ्या वाजवल्या, आणि मनात म्हटलं, मी चूक केली म्हणून तर याला शाल मिळाली.

इतका जळत होतो मी त्याच्यावर.

त्याने हे कधी कोणाला सांगितलं नाही. मलाही बोलून दाखवलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग हार्ट अटॅक. चाळिशीही आली नव्हती. फोन ठेवला आणि वाटलं, आता धारगळचं कोणालाच माहीत नाही.

नार्व्यात त्याला पोचवायला नदीपर्यंत माणसं होती. मी मात्र, आपल्या वेळी एवढी येतील का, याचा विचार करत होतो.

सुनंदाबाई, ती चूक सुदेशची नव्हती. माझी होती.

वर्षभर मूठ मीच घालतोय. दाता गेला की त्याचं नाव लगेच यादीतून उतरवायचं, हा सुदेशचाच नियम. तोही दाता होता; त्याचं स्वतःचं नाव मात्र मी तसंच ठेवलं होतं. परवा गटातल्या एका नव्या बाईने रक्तासाठी त्याचा नंबर लावला. मावशीने उचलला.

"तो ना गो," म्हणाली. तो आता नाही, एवढंच.

आज शुक्रवार. जेवणाआधी मूठ घातली. मग नाव उतरवायची कमांड लिहिली. कोणाचं नाव, ते सगळ्यात आधी लिहिलं. सुदेश, नार्वे. दोनदा मोठ्याने वाचलं.

एंटर.

एकच ओळ उतरली.

बाकी सगळे आपापल्या गावी आहेत, सुदेश. परत आणून बघितलंय.

हेवा अजून वाटतो.
येतो रे.