एकावन्नावी चाल

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात ह्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण स्वतः मात्र एका डावात नऊ वर्षं अडकून बसले होते!

डाव बुद्धिबळाचा, क्लबच्या फायनलचा, समोर सख्खा मोठा भाऊ. ह्यांच्याकडे वजीर, भावजींकडे दोन उंट, बाकी पट साफ. शेवटी भावजींनी घसा खाकरला, "पन्नास चालींत ना मोहरं मेलं, ना प्यादं हललं. नियमानं बरोबरी." झालं! भावजी आमच्याच बिल्डिंगमध्ये एक जिना वर राहतात, पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

डाव आपलाच होता हे सिद्ध करायला ह्यांनी भंगारातले तीन कॉम्प्युटर जोडले, प्रोग्रॅम लिहायला शिकले. माझ्या कपाटात वायरी, माझे कपडे खुर्चीवर. गेल्या महिन्यात ओरडले, "जिंकत होतो मी! त्रेसष्टाव्या चालीला उंट पडतो!"

"त्यात पन्नासाचा नियम घातलाय ना?" मी भाजी निवडता निवडता विचारलं.

चेहरा खर्रकन उतरला. तो नियम घातला की यंत्राला नुसता पट बघून भागत नाही, मागे किती चाली झाल्या तेही दर वेळी धरावं लागतं. काम कैक पटींनी वाढतं, म्हणून साहेबांनी नियमच वगळलेला. घ्या! ज्यावरून भांडण, तेच बाजूला ठेवून न्याय मागायचा!

मग घातला नाइलाजानं. तीन आठवडे खोलीची भट्टी झाली. उत्तर आलं, बरोबरी.

ह्यांनी ते कागदावर छापून घडी घालून खिशात ठेवलं. इकडे भावजी रविवारी कायमचे लेकीकडे परगावी निघालेले. असेच न बोलता गेले तर? माझा जीव तुटत होता.

"ती पन्नास चालींची मोजणी पुन्हा शून्यावर कधी येते हो?" मी विचारलं.

"प्यादं एक घर सरकलं तरी येते."

"मग सरका की! जिनाच तर चढायचाय."

गेले बाई एकदाचे. मी मागोमाग जाऊन पायरीवर थांबले. ह्यांनी कागद पुढे केला, "दादा, तुझंच खरं. बरोबरीच होती."

भावजींनी कागद उघडलासुद्धा नाही. "गाढवा, हरत होतो म्हणून तर मोजत बसलो होतो."

ह्यांना रडूच फुटलं. नऊ वर्षं माझं कपाट अडवलं, त्यापेक्षा जिना चढून विचारलं असतं तर!

भावजी दारातून बाजूला झाले. "ये आत. सामान सगळं बांधलंय. पट तेवढा बाहेर ठेवलाय."