सुभेदारांचा पहिला मजला

आमच्या सुभेदारांना माणसांची नावं घ्यायची सवय नव्हती. ते फ्लॅटच्या नंबरानं हाक मारत. मला 'चारशे दोन' म्हणत. त्या वेळी मिरजेतली आमची इमारत दुसऱ्या मजल्यावर थांबली होती. चारशे दोनच्या जागी नुसतं आभाळ होतं. बिल्डर फोन उचलेना, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ग्राहक मंचात तक्रार केली. पुढारी सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, गाव वडूज.

बैठक इमारतीच्या पार्किंगमध्ये भरे. माणसं मजल्याप्रमाणे बसवलेली, पहिला मजला पुढे, चौथा सगळ्यांत मागे. एकदा एक मास्तर चुकून पुढे बसले. "तीनशे एक, वर जावा," सुभेदार म्हणाले. मास्तर दोन हात मागे सरकले.

माझे मालक ड्युटीवर असत, म्हणून मी जाई. दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना मी डबे देते, पण बोलणं मला कधी जमलं नाही. सुभेदार दर वेळी विचारत, "चारशे दोन, तुमचं काय म्हणणं?" मी खाली बघे. ते थोडं थांबत. मग म्हणत, "ऐकलं. पुढचा." एकदा एक पोरगेला गडी हसला. "हसू नगं. तुझ्यापरास कमी चुकत्यात त्या," सुभेदार म्हणाले.

काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा मिरजेला यावं लागे. त्यासाठीच सुभेदारांनी पहिल्या मजल्यावर घर घेतलं होतं. घर होईना, म्हणून दोघं वडूजहून एसटीनं येत. "एसटीतच संसार मांडला असता तर बरं झालं असतं," काकू म्हणत.

मग बिल्डरचा निरोप आला. खालचे दोन मजले लगेच पुरे करून देतो, तिथल्या लोकांनी तक्रारीतून बाहेर पडावं. ते बाहेर पडले असते तर वरचे आम्ही मूठभर उरलो असतो, आणि आमचे मजले कधी झालेच नसते. सुभेदारांच्या घराला फक्त दारं बसवायची राहिली होती.

त्या बैठकीला काकू दवाखान्यातून थेट आल्या होत्या. हाताला पट्टी. सुभेदारांनी त्यांच्याकडे बघितलं. "काय करायचं गं?"

"आवं, ह्यांच्या डोक्यावर छप्पर न्हाई आन् आपण खाली पडून ऱ्हायचं? मला झोप यायची न्हाई. एसटीत तरी येती."

सुभेदार उभे राहिले. "पहिला मजला बाहेर पडणार न्हाई. दुसरा?"

दुसराही पडला नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. इमारत पुरी झाली. काकू त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेल्या.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी सुभेदार एकटे आले. खिडक्या उघडल्या, नळ सोडून पाहिला. मी ताट घेऊन गेले. आतल्या खोलीत फरशीवर बसून ते जेवले, ताट स्वतः धुतलं आणि त्यात किल्ली ठेवून मला दिलं.

"दवाखान्याला लांबनं येणारं कुणी असलं तर इथं ठिवा. भाडं तुमी ठरवा."

"मला नाही जमायचं असलं काही," मी म्हणाले.

"ऐकलं," म्हणाले, आणि वडूजच्या गाडीला गेले.

सध्या तिथे जतकडचे नवरा-बायको राहतात. डायलिसिस झालं की ती बाई नवऱ्याचा हात धरून चालत घरी येते. भाडं किती, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सुभेदारांनीही मला विचारलेलं नाही.