शांतम्माची शपथ

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत शांतम्माची खानावळ. ताटात भाकरी टाकलेली दिसली की ती मास्तरांनाही सोडायची नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून काय झालं, मीही शिव्या खाल्ल्यात. बाईचा हट्ट एकच: पक्क्या छताखाली झोपायचं नाही. किल्लारीच्या भूकंपात आई, बाप, धाकटा भाऊ दगडमातीच्या घरात गाडले गेले. ही गणपती बोळवून दमली आणि अंगणातच आडवी झाली, म्हणून वाचली. तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्येच निजायची. एकुलत्या एका लेकीकडून, देविकाकडून, तिनं लहानपणापासून हेच घोकून घेतलं होतं: हादरा बसला की उघड्यावर पळायचं.

देविकाची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली आणि ती युक्रेनला शिकायला गेली. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत तिथं युद्ध पेटलं. तिच्या शहरात आधी ट्रॅक्टरच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, मग वीजकेंद्रावर. ना दिवे, ना पाणी.

चौथ्या दिवशी दुपारी पोरं जेवत असताना तिचा फोन आला. शांतम्मानं स्पीकर लावला.

"आई, तळघरात हावोत आम्ही. चार्जिंग संपून राहिलं. वरची बिल्डिंग लई हलून राहिली."

"मंग आत काय करून राहिलीस? निघ भाईर! मैदानात जा!"

"इथले लोक म्हणतेत खालीच थांबा. हे भूकंपासारखं न्हाई, आई."

"त्यांनी किल्लारी बघितली न्हाई! तुला माझ्या गळ्याची शपथ हाय."

फोन बंद पडला. मी समोरच होतो, घास हातात धरून. बॉम्ब पडतात तेव्हा तळघरच वाचवतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. पण तिच्या तीन प्रेतांपुढं माझी जीभ रेटली नाही. चुलीत जावो असलं शिक्षण! शेवटी कसंबसं म्हणालो, "शांतम्मा, तिला आतच थांबू द्या."  मग शपथ मागं घ्यायला ती वेड्यासारखी फोन लावत सुटली. लागेना.

संध्याकाळी आलियाचा फोन आला. ही नांदेडची, देविकाच्याच खोलीत राहणारी. तिला रडू आवरत नव्हतं.

"काकू, तळघरातले आम्ही सगळे वाचलो. देविका... मैदानात गेलती. बॉम्ब तिथंच पडला."

शांतम्मा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तळघर पडलं का गं, बाई?"

"न्हाई, काकू. एक वीटबी न्हाई."