आधी काकडी, भात शेवटी

गौरव-समितीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती ताईंच्या याच गौरवग्रंथात छापून यावी, असा माझा आग्रह आहे. डॉ. सुलभाताई किरपेकर यांच्या पंच्याहत्तरीची निमंत्रणपत्रिका परवा हाती आली. तिच्या तळाशी बारीक टाइपात लिहिले आहे : 'अल्पोपाहार – काकडी, फुटाणे, ताक.' पेढा नाही. बर्फीचा तुकडाही नाही. जिथे सत्कार तिथे पेढा, हा संबंध पुण्यात धूर आणि अग्नी यांच्याइतका पक्का. समितीने तो एका ओळीत मोडला. चौकशी केल्यावर कळले, की पत्रिकेचे प्रूफ ताईंनी स्वतः तपासले होते. तेव्हा मी तक्रार मागे घेत नाही, फक्त आवाज खाली आणतो.

पत्रिकेत नसलेली एक गोष्ट मात्र त्यांच्या दवाखान्यात दर गुरुवारी जमणाऱ्या आम्हा रोग्यांना ठाऊक आहे. या समारंभानंतर ताई शनिवार पेठेतला आपला दवाखाना बंद करणार आहेत. 'पंच्याहत्तरी झाली की पुरे,' असे त्यांनी दिवाळीतच सांगितले होते. आम्ही हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

ताईंची आणि माझी ओळख अकरा वर्षांपूर्वीची. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो, राहतो धायरीला. त्या वेळी माझे वजन ब्याण्णव किलो होते. एकवेळ जेवून मी ते सहा किलोंनी उतरवले होते आणि पुढच्या सहा महिन्यांत आठ किलो परत मिळवले होते. ताईंच्या समोर बसलो आणि म्हणालो, "वजन कमी करायचं आहे."

"का?"

"कपडे होत नाहीत."

"शिंपी इथून चार दुकानं पुढे बसतो."

पुण्यात जन्म गेल्यामुळे मी दुखावलो नाही, पण खरे बोलणे भाग पडले. माझ्या वडिलांना मधुमेह होता. त्यांनी तो मनावर घेतला नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. माझीही रक्तातली साखर सीमेवर येऊन उभी होती. हे सगळे सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, "मग तसं सांगा की. जेवायला कधी येऊ?"

ही ताईंची पद्धत. पथ्याचा कागद देण्याआधी त्या रोग्याच्या घरी एकदा जेवतात. घरात काय शिजते, कोण वाढते, कोण आग्रह करते, हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. अट एकच : रोजचेच करायचे.

आमच्या घरी अर्थातच रोजचे केले गेले नाही. माझ्या पत्नीने, मेधाने, ज्वारीची भाकरी, मेथी, बिनगुळाची आमटी आणि तीन कोशिंबिरी असा बेत केला. आमच्या लग्नानंतर तीन कोशिंबिरी एका वेळी मी प्रथमच पाहत होतो. ताई मन लावून जेवल्या. भाकरीचे कौतुक केले. मग हात न धुता म्हणाल्या, "मेधाताई, फार छान. आता रोजचं वाढा."

मग मेधा उठली आणि तिने निमूटपणे फोडणीचा भात, बटाट्याच्या काचऱ्या आणि गुळांब्याची बरणी आणून ठेवली. मी बचावाला धावलो. "आम्ही साखर पूर्ण बंद केली आहे. गूळच वापरतो."

"सर, रक्तात गेल्यावर गूळ आपली ओळख करून देत नाही."

त्या दुपारी ताईंनी मला जे समजावले, ते मी पुढे अनेकांना सांगत आलो आहे. मी सकाळी दोन बशा पोहे आणि गोड चहा घेत असे. अकराच्या तासाला हात थरथरत, डोळ्यांपुढे बिस्किटाचा पुडा येई. मी त्याला भूक म्हणत होतो. ताई म्हणाल्या, "साखर भरकन चढते. शरीर ती घाईघाईने उतरवतं आणि उतरवताना जरा जास्तच खाली नेतं. त्या उतारावर तुम्ही पुड्याला हात घालता. पुन्हा चढ, पुन्हा उतार. तुमचं वजन या झोक्यात आहे. उपाशी राहिलात तर झोका आणखी मोठा होतो." मग पोहे बंद झाले नाहीत. एक बशी झाले, त्यांत शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी आली, शेजारी वाटीभर दही आले, आणि चहातली साखर गेली. जेवणात आधी काकडी-टोमॅटो, मग उसळ-भाजी, मग भाकरी, आणि भात शेवटी, मुदीएवढा. जेवल्यावर लगेच खुर्ची नाही, दहा-पंधरा मिनिटे चालणे.

मी वाद घातला, हे सांगायला नकोच. आपल्या जुन्या वैद्यकात गोड आधी खावे असे सांगितले आहे, हे मी सप्रमाण मांडले. ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ग्रंथकार दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जात होते का हो?" वर्षभरात माझे वजन अकरा किलोंनी उतरले आणि साखर सीमेच्या अलीकडे आली. शास्त्रार्थात मी हरलो, एवढेच नुकसान.

दवाखान्यातला गुरुवार हा खरा ताईंचा विषय. सायंकाळी पाचला बाहेरच्या खोलीतल्या दोन बाकांवर आम्ही दहा-बारा जण बसतो. ताई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "काल काय खाल्लंत?" उत्तर सर्वांसमोर द्यायचे. ताई रागावत नाहीत. ते काम बाकावरची मंडळी करतात. वजनकाटा खोलीत आहे, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा असतो. महिन्यातून एकदाच त्याला वळवायचे. "रोज काट्यावर उभं राहणारा माणूस ताटाकडे बघत नाही," असे त्या म्हणतात.

याच बाकावर मला मांजरी गावचे मारुतीअण्णा भेटले. चार एकर ऊस, पंधरा वर्षांचा मधुमेह. पहिल्याच गुरुवारी ते कडाडले, "डाक्टरीणबाई, ऊस आमचा, रस आमचा, गुऱ्हाळ भावाचं, आन् च्या बिनसाखरेचा प्यायचा व्हय?"

"अण्णा, तंबाखू पिकवणारे सगळे तंबाखू खातात का?"

"खात्यात की!"

खोली हसली. सर्वांत जास्त ताई हसल्या. मग त्यांनी अण्णांच्या चहाचा विषय बाजूला ठेवला आणि न्याहारीपासून सुरुवात केली.

पुढे ताईंनी रोग्यांसाठी चार पानांची पुस्तिका काढायचे ठरवले आणि मजकूर माझ्याकडे सोपवला. मी पहिलेच वाक्य लिहिले : 'रक्तशर्करेचे स्थैर्य हाच देहभारनियमनाचा मूलाधार होय.' ताईंनी ते गुरुवारी मोठ्याने वाचले आणि अण्णांकडे पाहिले. अण्णा बराच वेळ विचार करून म्हणाले, "सर, झ्याक हाय. पर खायाचं काय?" ताईंनी लाल पेन माझ्याच हातात दिले. माझ्या चार पानांतली साडेतीन पाने मी स्वतः खोडली. एवढ्या आदराने माझे लेखन आजवर कोणी नाकारलेले नाही.

ताईंचा मोठेपणा मला ज्या प्रसंगी कळला, तो मात्र विनोदाचा नाही. अण्णांच्या नातीचे लग्न झाले आणि ते गुरुवारी येईनासे झाले. एक, दोन, चार गुरुवार गेले. पाचव्या गुरुवारी ताईंनी आमच्यासमोरच फोन लावला. पलीकडून अण्णांचा आवाज आला, "कुठल्या तोंडानं येऊ? पाच दिस बुंदीच खाल्ली. पुन्यांदा जखम झालीया पायाला."

ताई म्हणाल्या, "तोंड आहे तेच घेऊन या. बुंदीचं विचारणार नाही. नात सुखात आहे ना? ते सांगायला या." आणि फोन ठेवून त्यांनी दवाखाना त्या संध्याकाळपुरता बंद केला. 'ते आज यायचे नाहीत,' एवढेच म्हणाल्या आणि रिक्षा करून स्वतः मांजरीला गेल्या. अण्णांची जखम भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. आजही अण्णा बाकावर माझ्या शेजारी बसतात आणि मी भाताचा उल्लेख केला की कोपर मारतात. मी त्यांच्या पायांतल्या वहाणा पाहतो. दोन असतात. माझ्या वडिलांना असा फोन कोणी केला नव्हता.

माणूस काय खातो यावरून ताईंनी त्याची लायकी कधी ठरवली नाही. जाड माणसाला आपल्याकडे आळशी समजतात, मधुमेह्याला हावरा समजतात. ताईंच्या खोलीत लाज बाहेर, चपलांजवळ ठेवावी लागते. चाळीस वर्षे हे त्यांनी केले आणि त्याचा कधी गवगवा केला नाही. या ग्रंथालाही त्यांचा विरोधच होता. 'त्यापेक्षा पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढा,' असे त्या म्हणाल्या होत्या.

ताईंना उदंड आयुष्य मिळो. गुडघे कुरकुरू नयेत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि शंभरीच्या पत्रिकेचे प्रूफही त्यांनीच तपासावे. ही प्रार्थना मी करतो. ती निःस्वार्थ नाही, हेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी ताई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने लेकीकडे होत्या. गुरुवार बंद होते. पुस्तिका माझ्या टेबलावर होती, तिचे प्रूफ मी तीनदा वाचलेले होते. तरी त्या दोन महिन्यांत माझे वजन चार किलोंनी वाढले आणि साखर पुन्हा सीमेवर आली. ताई परतल्या, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी बाकावरून सर्वांदेखत खोटे बोललो. 'भाकरी,' म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. ते खोटे होते, हे अजून त्यांना मी सांगितलेले नाही. आज इथे सांगतो आहे.

मी आता चौपन्न वर्षांचा आहे. काय खावे, कोणत्या क्रमाने खावे, का खावे, हे सर्व मला माहीत आहे. कोणी विचारणारे नसताना मी तसे खाईन का, हे मला माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.